देवणीवर हुकूम कुणाचा?

निजामाच्या मुलखात दोन रुपये ओळखीचे होते. एक हाली सिक्का, त्यावर चारमिनार. दुसरा कलदार, त्यावर इंग्रज बादशहाचा चेहरा. शंभर कलदार हवे असतील तर हालीचे साधारण ११६ रुपये १० आणे मोजावे लागत. सोलापूरकडे माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असे, आणि हद्दीवर करोडगिरीच्या नाक्याची जकात भरावी लागे ती वेगळी. आज लातूर जिल्ह्यात असलेलं देवणी तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. राज्य निजामाचं, आणि निजामाच्या डोक्यावर हात इंग्रजांचा. मग या मुलखाचा खरा धनी कोण, या प्रश्नावर सव्वादोनशे वर्षं भांडण चाललं. ते दिल्लीत झालं, पुण्यात झालं, कलकत्त्यात झालं, शेवटी पॅरिसपर्यंत गेलं. देवणीच्या माणसाला मात्र त्या काळात कुणीही काही विचारलं नाही.

या भांडणाचं मूळ शोधायचं तर १७१९ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी दिल्लीच्या बादशहाने छत्रपती शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा दिल्या. बिदर त्या सहांपैकी एक. पाच वर्षांनी, १७२४ मध्ये, साखरखेर्ड्याची लढाई जिंकून पहिला निजाम-उल-मुल्क दख्खनमध्ये पक्का झाला. त्याने स्वतःला कधी स्वतंत्र राजा म्हणवून घेतलं नाही. नाणं बादशहाच्याच नावाचं पाडलं. म्हणजे कागदावर मालक दिल्लीचा, वसूल करणारा हैदराबादचा आणि चौथा हिस्सा मागणारा साताऱ्याचा. १७२८ मध्ये पालखेडला कोंडीत सापडल्यावर निजामाने मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई मान्य केली खरी, पण मान्य करणं आणि देणं यांतलं अंतर पुढची सत्तर वर्षं तलवारीनेच मोजलं गेलं.

त्यातली एक तलवार थेट या परिसरात चालली. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सलाबतजंग आणि निजामअली यांच्या फौजेला औसा आणि उदगीरच्या टापूत गाठलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मराठ्यांकडून धडाडल्या आणि निजामाला साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून द्यावा लागला. उदगीरच्या विजयाची धुंदी उतरायच्या आत, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपत झालं. त्याच भाऊंना आणि त्याच इब्राहिमखानाला तिथे मरण आलं. उदगीरला मिळवलेलं पुष्कळसं पुढच्या काही वर्षांत हातचं गेलं.

इंग्रजांचं छत्र निजामाने का पत्करलं, याचं उत्तर खर्ड्याच्या मैदानावर आहे. मार्च १७९५ मध्ये मराठी फौजा चालून आल्या तेव्हा निजामअलीने कलकत्त्याकडे मदत मागितली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने तटस्थ राहायचं ठरवलं. निजामाचा दारुण पराभव झाला. तीनच वर्षांनी, १ सप्टेंबर १७९८ रोजी, वेलस्लीच्या काळात निजामाने तैनाती फौजेचा करार केला आणि रेमंडने उभी केलेली फ्रेंच पलटण मोडून टाकली. १८०० च्या तहात कंपनीने त्याच्या राज्याच्या रक्षणाची हमी घेतली. बदल्यात बल्लारी-कडप्याकडचा मुलूख घेतला आणि परराज्याशी परस्पर बोलणी करायची नाहीत अशी अटही घातली. १८२२ मध्ये पेशव्यांचे वारस म्हणून इंग्रजांकडे आलेला चौथाईचा हक्क त्यांनी सोडून दिला. मराठ्यांचा दावा असा मिटला.

पण छत्रीचं भाडं जबर निघालं. करारातल्या फौजेशिवाय आणखी एक फौज उभी राहिली, तिचं नाव हैदराबाद कंटिन्जंट. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, तिच्या छावण्या होत्या. खर्च भागेना म्हणून निजामाचं सरकार पामर कंपनीसारख्या सावकारी पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढत गेलं. थकबाकी वाढली, आणि १८५३ मध्ये डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडचा मुलूख त्या फौजेच्या खर्चापोटी लावून घेतला. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच. सात वर्षांत धाराशिवच्या शेतकऱ्याचा धनी दोनदा बदलला, दोन्ही वेळा त्याच्या अपरोक्ष. दिल्लीची बादशाही संपल्यावरच हैदराबादच्या नाण्यावरून बादशहाचं नाव उतरलं.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने हा गुंता उघडपणे सोडवायचा प्रयत्न केला. वऱ्हाड परत मागताना त्याने १९२५ मध्ये व्हाइसरॉयला लिहिलं की परराष्ट्र व्यवहार सोडले तर आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीने उभे आहोत. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ रोजी जे उत्तर पाठवलं ते संस्थानांच्या इतिहासात गाजलं. ब्रिटिश सत्तेचं सार्वभौमत्व हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, आणि ते केवळ तहांतून आलेलं नाही, असा त्याचा आशय. संरक्षण घेणाऱ्याने बरोबरीची भाषा करू नये, हे रीडिंगने इतक्या स्पष्टपणे सांगितलं की त्यानंतर स्वतंत्र हैदराबादच्या कल्पनेला कायद्याचा आधार उरायला नको होता. तरीही १९३६ च्या करारात इंग्रजांनी वऱ्हाडावर निजामाचं नाममात्र सार्वभौमत्व मान्य केलं, त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी दिली आणि निजामाचं व इंग्रजांचं अशी दोन्ही निशाणं तिथे शेजारी शेजारी लावायला परवानगी दिली. कारभार मात्र नागपूरहूनच चालला.

याच साम्राज्याने याच पद्धतीचं संरक्षण समुद्रापलीकडेही दिलं होतं. इराणच्या आखातातलं बहरीन हे छोटंसं बेट. १७८३ पासून तिथे अल खलीफा घराण्याची सत्ता. त्यावर इराणचा दावा, तुर्कांचा दावा. १८६० च्या सुमारास शेख मुहम्मद बिन खलीफाने दोघांनाही निष्ठा कळवून एकाच बेटावर दोघांची निशाणं फडकवली. दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी त्याच्याशी कायमच्या तहनाम्यावर सही करून घेतली, आणि १८८० व १८९२ च्या करारांनी इंग्रजांच्या परवानगीशिवाय कुणाशीही संबंध ठेवायची त्या घराण्याला बंदी झाली. आखातावर देखरेख करणारा बुशहरचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. बहरीनच्या बाजारात १९६५ पर्यंत रुपया चालला. हैदराबादचा रेसिडेंट आणि बुशहरचा रेसिडेंट एकाच यंत्रणेचे नोकर होते, त्यामुळे इंग्रज गेल्यावर दोन्हीकडे काय झालं ते शेजारी ठेवून पाहणं उपयोगाचं आहे.

हैदराबादेत काय झालं ते मराठवाड्यातल्या घराघरात ठाऊक आहे. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला आणि स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात टाकण्यात आलं. २९ नोव्हेंबरला वर्षभरासाठी ‘जैसे थे’ करार झाला. हैदराबादने त्यानंतर भारतीय चलनाच्या वापरावर निर्बंध घातले आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देऊ केलं. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक पाकिस्तानातून रात्रीच्या विमानांनी शस्त्रं आणत होता. त्याच्या उतरण्याच्या जागांमध्ये बिदरचा विमानतळ होता, देवणीच्या स्वतःच्या जिल्ह्यातला. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करणारा. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये रझाकारांनी कत्तल केली. उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या लेण्यांच्या आडोशाने तरुणांनी हत्यारं उचलली. सार्वभौमत्वाचा प्रश्न गावात उतरला की तो असा उतरतो: रात्री कुणाच्या दारावर थाप पडेल याची भीती, आणि सकाळी पेरणीला जायचं की मुलाबाळांना घेऊन सरहद्दीपलीकडच्या छावणीत जायचं याचा विचार.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून भारतीय फौजा नळदुर्गाच्या वाटेने आत आल्या. पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेत हैदराबादची तक्रार आली. मोईन नवाझ जंग हैदराबादकडून बोलले. हैदराबाद हे राष्ट्र नाही, हा आमचा घरगुती प्रश्न आहे, असं भारताकडून रामस्वामी मुदलियार यांनी सांगितलं. परिषदेत चर्चा रंगायच्या आत १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत तक्रार मागे घेत असल्याची तार पाठवली.

१७ सप्टेंबरला मराठवाडा दरवर्षी मुक्तिदिन साजरा करतो आणि तो साजरा व्हायलाच हवा. त्याच इतिहासाचं दुसरं पानही वाचलं पाहिजे. ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेनंतर पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात फिरून पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ पोचल्याचं तिने नोंदवलं, आणि संस्थानभरात कारवाईच्या वेळी व नंतर २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत असा अंदाज दिला. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि त्यांतल्या कित्येकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. तो अहवाल सामान्य वाचकाच्या हाती यायला २०१३ साल उजाडावं लागलं. गोरट्याचे मृत आणि या चार जिल्ह्यांचे मृत एकाच पाठ्यपुस्तकात येईपर्यंत मुक्तिसंग्रामाचा इतिहास अर्धाच शिकवला जाईल.

बहरीनचं भांडण जास्त काळ रेंगाळलं. इराणने १९५७ मध्ये त्याला आपला चौदावा प्रांत ठरवून टाकलं होतं. इंग्रज आखात सोडणार असं ठरल्यावर १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी व्हित्तोरिओ विन्स्पीअर बेटावर गेले. मतपेटी ठेवली गेली नाही, पण त्यांनी वेगवेगळ्या संस्था-मंडळांना भेटून लोकांचं मत विचारलं. बहुतेकांना स्वतंत्र अरब राष्ट्र हवं आहे, असा अहवाल त्यांनी दिला. ११ मे १९७० रोजी सुरक्षा परिषदेने तो स्वीकारला, इराणने दावा सोडला, आणि १५ ऑगस्ट १९७१ रोजी बहरीन स्वतंत्र झालं. विचारपूस अपुरी होती, तरी तिच्यामुळे एक जुना दावा रक्त न सांडता मिटला. हैदराबादेत सार्वमताची भाषा १९४८ च्या वाटाघाटींत आली होती, पण ती मसुद्यातच राहिली. या मुलखाने प्रौढ मताधिकाराने पहिलं मत दिलं ते १९५२ च्या निवडणुकीत, आणि त्या वेळीही निजाम राजप्रमुख म्हणून गादीवर होताच.

नंतर १ नोव्हेंबर १९५६ आला. हैदराबाद राज्य भाषेवर वाटलं गेलं. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबादला जोडून मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, औराद हा भाग म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला. एकच जिल्हा वेगवेगळ्या राज्यांत वाटला गेला. देवणीच्या बाजारात मात्र सीमेपलीकडचा शेतकरी येतच राहिला, कारण वानेरा, बालंक्या आणि शेवेरा या तिन्ही रंगांच्या देवणी बैलांना दोन्हीकडच्या काळ्या रानात सारखीच मागणी. सोयरिकीही दोन्हीकडे झाल्या. सातबारा मराठीत आणि मामाचा कन्नडमध्ये, अशी घरं या पट्ट्यात आजही आहेत. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, पुढे देवणी तालुक्याचं ठिकाण झालं.

हैदराबादच्या दाव्याचं एक शेपूट लंडनच्या बँकेत अडकून पडलं होतं. २० सप्टेंबर १९४८ च्या सुमारास निजामाच्या खात्यातले दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर गेले होते. त्या पैशाची वाढून साडेतीन कोटी पौंड झालेली रक्कम ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने भारत आणि निजामाच्या वंशजांच्या बाजूने ठरवली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा अजून उभा आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात बेळगावच्या बरोबरीने बिदर जिल्ह्यातली मराठी गावंही आहेत. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावं आणि बिदर-भालकीसह पाच शहरं राज्यात आणण्याचा ठराव एकमताने केला. त्याच्या काहीच दिवस आधी कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही जमीन देणार नाही, असा ठराव केला होता.