ईसीएम बदलण्याआधी

कात्रजच्या चढावर जुना ट्रक एकाएकी ओढ सोडतो आणि ठपका थेट ईसीएमवर, म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूलवर, येतो. एवढी घाई नको. आधी फ्यूज, रिले, चासीचं अर्थिंग तपासा; कपलर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का पाहा. २४ व्होल्टचा पुरवठा सेल्फ मारतानाच मोजा, कारण सैल जोड तेव्हाच उघडा पडतो. मॉड्यूल खरंच गेलं असेल, तर त्याच पार्ट नंबरचं घ्या आणि शक्य असल्यास जुन्यातला डेटा उतरवून ठेवा. भंगारातलं नुसतं जोडून भागत नाही. बऱ्याच कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड स्कॅनरने भरावा लागतो. आणि चासीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा व ईसीएमचे कपलर काढाच.