फायबरच्या होडीवरील जेलकोट: दुरुस्ती आणि रंगजुळणी

कोकणच्या खाड्यांमध्ये आणि किनाऱ्यांवर लाकडी होड्यांच्या बरोबरीने आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. त्यांच्या अंगावरची गुळगुळीत, रंगीत चकाकी हा मागाहून दिलेला रंग आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो जेलकोट नावाचा, होडीच्या बांधणीचाच एक थर असतो. फायबरची होडी साच्यात बाहेरून आत अशी घडत जाते. साच्याला प्रथम मेण चोळतात, त्यावर रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर फवारतात किंवा ब्रशने लावतात, आणि तो पुरेसा घट्ट झाला की त्यामागे काचतंतूंचे मॅट रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवतात. होडी साच्यातून निघते तेव्हा सर्वांत आधी लावलेला हा थर सर्वांत बाहेर येतो, आणि तोच जेलकोट होय.

त्याचे काम केवळ शोभेचे नाही. आतील काचतंतूंचे पाणी आणि सूर्यप्रकाश यांपासून रक्षण करणे हे त्याचे मुख्य प्रयोजन असल्यामुळे धक्क्यावर आदळून उडालेला टवका किंवा वाळूवर ओढताना पडलेला खोल ओरखडा दुर्लक्षित राहिला, तर पाणी तंतूंच्या कडेकडेने आत झिरपू लागते. म्हणून दुरुस्तीपूर्वी इजा किती खोल आहे हे पाहणे अगत्याचे असते. त्या जागेभोवती नाण्याने हलकेच ठोकले असता टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतले थर सुटले असण्याची शक्यता असते, आणि तसे असल्यास आधी काचतंतूंची दुरुस्ती करावी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पुन्हापुन्हा त्याच जागी उमटत असतील, तर तेथे होडीचे अंग ताणाने वाकत असते. कारण दूर न करता केवळ वरून भरलेला जेलकोट तेथे टिकत नाही.

दुरुस्तीच्या जागेवरील मेण आणि तेलकटपणा पॉलिश पेपर लावण्याच्या आधीच ॲसिटोनने पुसून काढावा लागतो, कारण आधी घासल्यास तेच मेण पृष्ठभागात रुतते आणि नवा थर धरत नाही. बारीक भेग असेल तर ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मोकळी करतात, कडा ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करतात आणि जागा पूर्ण कोरडी होऊ देतात. पावसाळ्यातील दमट हवेत हे काम उघड्यावर करणे म्हणूनच टाळावे.

खरी परीक्षा रंगजुळणीत असते. होडीचा मूळ रंग ठाऊक असला तरी तोच डबा आणून काम भागत नाही, कारण उन्हाने जेलकोट फिका, भुरकट आणि काहीसा पिवळट झालेला असतो. जुळवायचा असतो तो होडीचा आजचा रंग. त्यासाठी इजेच्या शेजारचा भाग प्रथम रबिंग कंपाउंडने घासून वरची पांढुरकी भुकटी काढतात. पांढऱ्या होडीचा पांढराही निखळ नसतो. त्यात पिवळ्या, काळ्या किंवा तपकिरी रंगाची छटा दडलेली असते. फिक्या मूळ जेलकोटात गडद रंगद्रव्य दात कोरण्याच्या काडीच्या टोकाने, अगदी कणाकणाने मिसळतात, प्रत्येक वेळी मिश्रणाचा ठिपका थेट होडीवर लावून पाहतात आणि मग पुसून टाकतात. एका प्रकाशात एकरूप दिसणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, म्हणून ही पारख दिवसाच्या उजेडात करावी. घट्ट झाल्यावर छटा किंचित बदलते, त्यामुळे थोडे मिश्रण घट्ट होऊ देऊन, घासून आणि चमकवून पाहिल्यावरच अंतिम निर्णय घ्यावा.

रंग पूर्ण जुळल्यानंतरच मिश्रण घट्ट करणारा हार्डनर घालतात, कारण तो पडताच हाताशी थोडीच मिनिटे उरतात. त्याचे प्रमाण सामान्यतः वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅम जेलकोटाला एक ते दोन ग्रॅम असते. घाईपोटी जास्त घातल्यास मिश्रण तापते, तडकते आणि रंगही बिघडतो. हा पदार्थ डोळ्यांना गंभीर इजा करतो आणि रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टच्या द्रावणात थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो, म्हणून चश्मा, हातमोजे आणि मोकळी हवा अनिवार्य आहे. भरलेला थर भोवतालच्या पातळीपेक्षा किंचित उंच ठेवतात. हवेतील ऑक्सिजनमुळे जेलकोटाचा पृष्ठभाग चिकट राहतो, तेव्हा त्यावर प्लॅस्टिकची फिल्म दाबून बसवतात किंवा मिश्रणातच मेणाचे द्रावण घालतात. पुढे ३२०, ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून क्रमाने घासले, कंपाउंडने चमक आणली आणि शेवटी मेण चढवले की काम पुरे होते.

जुळलेल्या रंगाचे प्रमाण तारखेसह होडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. होडीचा रंग पुढे आणखी उतरला तरी पुढच्या दुरुस्तीला तेथूनच आरंभ करता येतो. होडीमालकांनी टवका लहान असतानाच तो बुजवावा; थोडक्या जेलकोटात भागणारे काम लांबणीवर टाकले, तर पुढे काचतंतूंचे थर उघडून नव्याने बसवावे लागतात.