सांघिक तिरंदाजी, कंपाउंड धनुष्याची

आशियाई क्रीडासामन्यांत तीन तिरंदाजांच्या संघांमध्ये होणारी एक स्पर्धा. आशियाई क्रीडासामन्यांत तिरंदाजीचा समावेश १९७८ मध्ये बँकॉक येथे झाला. कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धा मात्र २०१४ पासून, इंचॉन येथील सामन्यांपासून, सुरू झाल्या. २०१४, २०१८ व २०२३ अशा तीन वेळा पुरुषांच्या सांघिक स्पर्धेची अंतिम लढत भारत व दक्षिण कोरिया यांच्यातच झाली. त्यांपैकी पहिली व तिसरी लढत भारताने जिंकली. २०२३ मधील विजयी संघात बुलढाणा जिल्ह्यातील प्रथमेश जावकर यांचा समावेश होता.

धनुष्य : अमेरिकेतील मिसूरी राज्याचे रहिवासी हॉलिस विल्बर ॲलन यांनी कंपाउंड धनुष्याची रचना केली व १९६९ मध्ये तिचे एकस्व मिळविले. या धनुष्याच्या दोन्ही भुजांच्या टोकांस विकेंद्री कप्प्या बसविलेल्या असून त्यांवरून प्रत्यंचा व तारा गेलेल्या असतात. प्रत्यंचा खेचू लागताच कप्प्या फिरतात. भार प्रथम वाढत जातो आणि पूर्ण खेचीच्या अवस्थेत तो एकदम उतरून मूळच्या भाराचा अल्पसा अंशच हातावर राहतो. त्यामुळे तिरंदाजाला काही क्षण स्थिर राहून नेम साधता येतो. नेम धरण्यासाठी भिंग व लहान पाणसळ, तर प्रत्यंचा सोडण्यासाठी खटक्याचे साधन वापरण्यास मुभा असते. स्पर्धेतील धनुष्याचा भार जास्तीत जास्त ६० पौंड (सु. २७ किग्रॅ.) असतो. साधनांच्या या साहाय्यामुळे कौशल्याची गरज कमी होत नाही. उलट, सर्वच स्पर्धकांचे बाण मध्याजवळ लागत असल्याने एकेका गुणाचे मोल वाढते.

नियम : लक्ष्य ५० मी. अंतरावर असते. लक्ष्यपट ८० सेंमी. व्यासाच्या मापाचा असून त्याची ५ ते १० गुणांची सहा वलयेच ठेवलेली असतात. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंमी. असतो. दोन वलयांमधील रेषेस बाण स्पर्श करीत असेल, तर अधिक गुण दिले जातात. प्रत्येक फेरीत संघाने दोन मिनिटांत सहा बाण, म्हणजे प्रत्येकाने दोन बाण, मारावयाचे असतात. रेषेवर एका वेळी एकच तिरंदाज उभा राहतो व इतर दोघे मागे थांबतात. एकाने जास्त वेळ घेतल्यास तो पुढील सहकाऱ्याच्या वाट्यातून जातो. चार फेऱ्यांत २४ बाण होत असल्याने कमाल गुणसंख्या २४० असते. बरोबरी झाल्यास प्रत्येकी एक जादा बाण मारला जातो आणि त्यातही बरोबरी राहिल्यास मध्याच्या सर्वांत जवळ बाण लागलेला संघ विजयी ठरतो.

अंतिम लढती : इंचॉन येथे रजत चौहान, संदीप कुमार व अभिषेक वर्मा यांच्या संघाने कोरियाचा २२७–२२५ असा पराभव केला. २०१८ मध्ये जाकार्ता येथील सामना या स्पर्धेतील अत्यंत चुरशीचा मानला पाहिजे. पंचांनी बाणांची पुन्हा तपासणी केल्यानंतर कोरियाच्या एका बाणाचे गुण वाढले आणि दोन्ही संघांचे २२९ गुण झाले. जादा बाणांतही २९–२९ अशी बरोबरी राहिली. अखेर कोरियाचा बाण मध्याच्या अधिक जवळ असल्याने भारताला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. २०२२ चे सामने कोरोना महामारीमुळे वर्षभर लांबून २०२३ मध्ये चीनमधील हांगजो येथे झाले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी अभिषेक वर्मा, नागपूरचे ओजस देवतळे व प्रथमेश जावकर यांनी कोरियावर २३५–२३० असा विजय मिळविला. चोवीस बाणांत केवळ पाच गुण गमावले गेले, याचा अर्थ किमान एकोणीस बाण पूर्ण दहा गुणांचे होते. वर्मा हे तिन्ही अंतिम लढतींत खेळले. हांगजो येथे कंपाउंड प्रकारातील पाचही सुवर्णपदके भारताने जिंकली.

तिसऱ्या तिरंदाजाचे स्थान : वैयक्तिक स्पर्धेच्या बाद फेऱ्यांत एका देशाच्या दोनच तिरंदाजांना प्रवेश मिळतो. हांगजो येथे ही दोन स्थाने देवतळे व वर्मा यांना मिळाली आणि वैयक्तिक अंतिम सामनाही त्या दोघांतच होऊन देवतळे विजयी झाले. मिश्र दुहेरीत प्रत्येक देशाचा एकच पुरुष खेळतो. तेथे देवतळे यांनी ज्योती सुरेखा वेन्नम यांच्यासह सुवर्णपदक मिळविले. त्यामुळे जावकर यांच्यासाठी सांघिक स्पर्धा हाच पदकाचा एकमेव मार्ग होता. वास्तविक त्याच वर्षी मे महिन्यात शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत त्यांनी नेदरलँड्सचे विख्यात तिरंदाज माइक श्लूसर यांना १४९–१४८ असे हरवून वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले होते. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील एर्मोसियो येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम टप्प्यात त्यांना रौप्यपदक मिळाले. तेथे डेन्मार्कच्या मॅथियस फुलरटन यांच्याशी १४८–१४८ अशी बरोबरी झाल्यानंतर जादा बाणावर निर्णय लागला. इतक्या योग्यतेचा तिरंदाज देशाच्या वैयक्तिक क्रमात तिसरा ठरावा, यावरून भारतीय कंपाउंड तिरंदाजीतील अंतर्गत चुरस लक्षात येते. सांघिक निकालात एकूण गुणच नोंदले जातात. तथापि २४ बाणांपैकी आठ बाण तिसऱ्या तिरंदाजाचे असतात आणि जाकार्ताप्रमाणे एका बाणावरही सुवर्णपदक हुकू शकते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष म्हणजे, हांगजोच्या विजयी त्रयीतील दोघे विदर्भाच्या दोन टोकांकडील जिल्ह्यांतून आलेले होते. कंपाउंड धनुष्याला ऑलिंपिकमध्ये दीर्घकाळ स्थान नव्हते. म्हणून या तिरंदाजांच्या दृष्टीने आशियाई सामन्यांचे महत्त्व विशेष राहिले. २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकसाठी कंपाउंडची केवळ मिश्र सांघिक स्पर्धा २०२५ मध्ये मंजूर झाली. पुरुषांच्या त्रयीची स्पर्धा तीत अंतर्भूत नाही.