आजीची सीएल

वेलनेस म्हणजे स्पा, ग्रीन टी आणि वीकएन्डचा योगा? आपल्या आज्या-पणज्यांची मागणी याहून बरीच मोठी होती.

पाठ आखडली तेव्हा डॉक्टरांनी औषध कमी आणि आराम जास्त लिहून दिला. आता फ्रीलान्सरला कुठली आलीय सीएल? तरी पुण्यातल्या दोन डेडलाइन्स पुढे ढकलल्या आणि सरळ तिवसा गाठलं, आजीकडे.

सकाळचे अकरा वाजले तरी मी पांघरुणातच. आजी दारात उभी. "काऊन वं, बरं नाही का तुले?"

"आराम करतेय गं आजी."

"बसून कोणी पैसे देते का?"

हसू आलं, आणि लगेच गिल्टी वाटलं. आजीने जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला. तहान लागली की मालकीण वरून ओंजळीत पाणी ओतायची. बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामावर गेलीस, असं विचारलं तर म्हणाली, "गेली तशीच." तिचं दमणं आणि तिची जात, दोन्ही वेगळं काढताच येत नाही.

सेल्फ-केअर हा आपल्या पिढीचा लाड, असं मला वाटायचं. साफ चूक!

१८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले होते. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

आणि जुलै १९४२! नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या. अध्यक्ष कोण? आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या काळात त्यांनी चक्क संततिनियमनाचा आग्रह धरला. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असं बाबासाहेबांनी त्या बायकांना सांगितलं. परिषदेचे ठराव तर आजच्या एचआरने वाचावेत असे आहेत. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा आणि नवऱ्याने दुसरी बायको करण्यावर कायद्याने बंदी हवी. गिरणी, विडी कारखाना, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामगार बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन हवी.

म्हणजे सीएल! माणूस म्हणून जगायचं तर शरीर आधी आपलं हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सातासमुद्रापार अमेरिकेत ऑड्री लॉर्ड ही कृष्णवर्णीय कवयित्री कॅन्सरशी झुंजताना याच मुद्द्यावर आली. स्वतःला जपणं हा चोचला नाही, तो लढ्याचाच भाग आहे, असं तिने १९८८ साली मांडलं. त्याआधी ४६ वर्षं आपल्या बायकांनी त्याचा रीतसर ठराव केला होता.

मी आजीला ठरावांची यादी वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माह्या किती सुट्ट्या बाकी असतीन वं?"

मला हिशेब जमला नाही. मी खाटेवर सरकून तिला जागा करून दिली.

पुढच्या वेळी सीएल टाकताना अजिबात गिल्टी वाटून घेऊ नका. फक्त एक करा. तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना विचारा, त्यांची हक्काची सुट्टी कधी असते?