बाहेर रांग आहे

पहाटे साडेपाच

गॅसवर डाळ चढवते आणि फोन हातात घेते. रात्रीतून आलेले मेसेज बहुतेक मुलींचेच असतात. ‘अक्का, डेटाफ्लोला अनुभवाचं पत्र लेटरहेडवरच लागतं का?’ ‘अक्का, जर्मनच्या बी-वनची परीक्षा नापास झाली तर पैसे परत मागतील का?’ मी काही नर्सिंग कौन्सिलची अधिकारी नाही. तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका खाजगी हॉस्पिटलात इनचार्ज सिस्टर आहे. काही वर्षं सौदीत काढली, आईला अर्धांगवायू झाला तेव्हा परतले आणि मग इथेच राहिले. जाऊन आलेली बाई म्हणून मुली मला विचारतात. जेवढं खात्रीनं माहीत असतं तेवढं सांगते.

सकाळी साडेसात

वाटेत रिम्स लागतं. २००८ मध्ये हे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा आमच्या गावाकडच्या कितीतरी घरांनी पोरींना जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सला घातलं. जैनथ, बेला, तामसी या पट्ट्यात घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू असं जगणाऱ्या शेतकऱ्यांना हा हिशोब सरळ वाटला होता. दवाखाना मोठा होणार, नर्स लागणारच, पोरगी घराजवळ राहील. कुणी कापसाच्या पैशातून फी भरली, कुणी दागिने मोडले.

नर्स खरंच लागतात. पण जागा भरतात सरकारच्या सवडीनं. २०२३ च्या भरतीतून निवडलेल्या ६,९५६ स्टाफ नर्सना ३१ जानेवारी २०२४ ला हैदराबादच्या एलबी स्टेडियमवर नेमणुकीचे कागद मिळाले. त्यात आमच्या ओळखीच्याही मुली होत्या, आम्ही पेढे खाल्ले. त्याच वर्षी पुन्हा जाहिरात निघाली. आधी २,०५० जागा होत्या, नंतर वाढवून २,३२२ केल्या. २३ नोव्हेंबरला परीक्षा झाली आणि चाळीस हजारांवर उमेदवार बसले. पगाराची श्रेणी ३६,७५० पासून सुरू होते. आमच्याकडे तीच मुलगी दहा-बारा हजारांवर उभी असते. मग चाळीस हजार का बसणार नाहीत?

सकाळी आठ

हँडओव्हर. रात्रीच्या सिस्टरचे डोळे लाल. फिमेल वॉर्ड, मेल वॉर्ड आणि दोन खाटांचं आयसीयू, सगळं तिच्या एकटीवर होतं. जोडीला एक आयम्मा, म्हणजे वॉर्डातली मदतनीस बाई.

आयसीयूत बेल्याकडचा एक शेतमजूर आहे. काल कापसावर फवारणी करताना औषध अंगावर आलं, संध्याकाळी तोंडाला फेस आला तेव्हा आणला. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे हे ठरलेलंच. २०१७ साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात याच विषबाधेनं वीसवर माणसं गेली, तेव्हा महाराष्ट्रभर ओरड झाली. नदीच्या अलीकडचं शेतही तेच आणि पंपही तोच.

या पेशंटला ॲट्रोपिन चालू असतं आणि ॲट्रोपिनच्या पेशंटपाशी कुणीतरी बसावंच लागतं. दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजायची. बॅटरी मारून बाहुल्या बघायच्या. छातीला स्टेथो लावून घरघर कमी झाली का ऐकायचं. काखेत हात घालायचा, ती कोरडी लागली म्हणजे औषध लागू पडतंय. कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच स्रावात बुडतो. जास्त झालं तर ताप चढतो, भ्रम होतो, सलाईन उपटून उठायला लागतो. हा पेशंट रात्री दोनदा उठला, रात्रीची सिस्टर म्हणाली. तेवढ्यात तिकडे एका बाळंतिणीचं रक्त जास्त जायला लागलं होतं. ती इकडून तिकडे धावली. दोघंही वाचली.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगतं की आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स हवी आणि साध्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक. काल रात्री ती एकटी होती. म्हणून कुणी ‘नर्स फार झाल्या’ म्हटलं की मला राग येतो. घरी बसलेल्या नर्स फार झाल्यात. खाटेपाशी उभ्या असलेल्या नाहीत.

सकाळी दहा

ऑफिसबाहेरच्या बाकावर तीन मुली फाइल छातीशी धरून बसल्यात. एकीसोबत वडील आहेत, डोक्याला पांढरा रुमाल, पायात धुळीच्या चपला. जाहिरात काढलेलीच नाही. एक सिस्टर लग्न होऊन निर्मलला जाणार एवढी बातमी फुटली, तेवढी पुरली.

पहिले तीन महिने ट्रेनी म्हणून बिनपगारी, मग सात हजार, मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा. मूळ कागद अडकवून ठेवू नयेत, बाँड लिहून घेऊ नये, असं कौन्सिलनं बजावलेलं आहे, आणि व्यवस्थापनाला ते ठाऊकही आहे. मी पूर्वी एकदा पगारवाढीचं बोलले होते तेव्हा उत्तर मिळालं होतं, ‘सिस्टर, बाहेर रांग आहे.’ त्या एका वाक्यानं आतल्या सगळ्यांचे पगार जागच्या जागी राहतात.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१६ मध्ये खाजगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितली. पन्नास खाटांपर्यंतच्या हॉस्पिटलातही महिना वीस हजारांच्या खाली देऊ नये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस त्या समितीनं केली. पुढचं राज्यांवर सोडलं. आमच्या बाकावरच्या मुलीला त्यातला एक रुपया दिसलेला नाही.

त्या वडिलांना मी बाजूला घेतलं. ‘काका, मूळ कागद देऊ नका. झेरॉक्स द्या, सही करून द्या.’ ते म्हणाले, ‘मग घेतील का बाई?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी साडेबारा

आयसीयूतल्या पेशंटची नाडी स्थिर आहे, छाती मोकळी वाटते. त्याची बायको दाराशी उभी राहून विचारते, ‘शेर कधी भेटन जी?’ तिच्या मराठीत शेर म्हणजे शुद्ध. ट्रेनी मुलगी निजामाबादची, तिला समजलं नाही. मी समजावलं. इथे एका वॉर्डात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि उर्दू एका सकाळी ऐकू येतात, आणि सीमेवरच्या मुली त्यातल्या तीन तरी सहज बोलतात. हे कौशल्य कुठल्याही अर्जात भरता येत नाही.

दुपारी दोन

जेवायला माझ्यासोबत स्टाफमधली सगळ्यात हुशार मुलगी बसते. कॅन्युला लावताना तिचा हात मी बघत राहते, लहान बाळाचीही शीर पहिल्यांदाच सापडते. हिचं घर पैनगंगेच्या अलीकडे. पण पहिली ते सातवी ती मामाकडे पांढरकवड्याला शिकली, कारण तिथे मराठी शाळा घराशेजारी होती. तेलंगणात स्थानिक कोण हे ठरतं ते त्या सात वर्षांतली बहुतेक वर्षं कुठल्या शाळेत काढली त्यावरून, आणि ९५ टक्के जागा स्थानिकांना. म्हणजे भरतीच्या आमच्या बासर झोनमध्ये जन्मलेली, वाढलेली, मतदान करणारी ही मुलगी नोकरीच्या कागदावर परकी. महाराष्ट्रात जावं तर रहिवासाचा दाखला नाही, नोंदणीही तेलंगणाची.

भर म्हणून आणखी एक गोष्ट. इथल्या भरतीत ८० गुण परीक्षेचे आणि २० गुण सरकारी दवाखान्यातल्या कंत्राटी सेवेचे. आदिवासी भागातल्या सेवेला जास्त. हे मला मान्य आहे, उटनूरच्या पुढच्या पाड्यांवर पावसाळ्यात राहून काम केलेल्या सिस्टरला ते मिळालेच पाहिजेत. पण खाजगीत रात्री काढलेल्या मुलीच्या वर्षांना शून्य गुण.

‘मग जर्मनीच, अक्का,’ ती म्हणते. डब्याखाली जर्मनची वही आहे.

दुपारी चार

त्याच मुलीला एजंटचा फोन येतो, ती स्पीकरवर टाकते. गोड तेलुगू. दुबई, दोन महिन्यांत व्हिसा, तीन लाख, निम्मे आधी. मी फोन घेतला आणि सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक विचारला. फोन कटला.

सरकारनं नोंदणी केलेल्या एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. नर्सच्या बाबतीत तर केंद्रानं २०१५ मध्ये नियम आणखी आवळला. आखातातल्या देशांसकट अठरा देशांत नर्सची भरती सरकारी संस्थांमार्फतच, आमच्याकडे तेलंगणा सरकारची टॉमकॉम. नियम उगाच आला नाही. त्याच वर्षी कोचीच्या एका एजन्सीनं कुवेतच्या नोकरीसाठी १९,५०० रुपयांच्या जागी साडेएकोणीस लाख घेतल्याचं उघडकीला आलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी इराकमधल्या तिक्रितच्या लढाईत ४६ भारतीय नर्स अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. त्या सुखरूप परत आल्या, पण कर्ज काढून गेलेल्यांपैकी काहींना परत यायचंच नव्हतं, हे वाचलं तेव्हा मी सौदीत होते आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्या खोलीतल्या मुलींचे पहिल्या वर्षाचे पगार सावकाराकडेच जात होते.

संध्याकाळी साडेसहा

ड्यूटी दोनलाच संपायला हवी होती. संध्याकाळची सिस्टर आली नाही, म्हणून मीच आहे. सलाईन बदलून झाल्यावर टेबलावर त्या मुलीची फाइल उघडली.

बाहेरच्या नोकरीत भाषेइतकाच घाम या फाइलवर गळतो. दहावीच्या एसएससी मेमोवर तिचं आडनाव आधी आहे, तेलुगू पद्धतीनं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आपल्या पद्धतीनं. जीएनएमच्या प्रमाणपत्रावर आडनावाचं नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवर चौथाच प्रकार. इथे सगळ्यांना कळतं की ही एकच मुलगी आहे. पण रियाधला किंवा बर्लिनला बसलेल्या कारकुनासाठी या चार बायका. प्रतिज्ञापत्र करायचं, राजपत्रात द्यायचं, मगच पुढचं पाऊल. लग्न झालं की आडनाव बदलू नकोस, हे मी प्रत्येकीला सांगते, आणि त्यावरून सासरच्यांची बोलणीही खाल्लीत.

२०१४ च्या आधी पास झालेल्यांचं वेगळंच दुखणं. नोंदणी अखंड आंध्रच्या कौन्सिलची, ती आता विजयवाड्याला. आधी तिकडून नोंद तेलंगणाच्या कौन्सिलमध्ये आणा, मग गुड स्टँडिंगचं प्रमाणपत्र.

आणि अनुभव. डेटाफ्लो म्हणजे कागद खरा की खोटा हे ज्या संस्थेनं दिला तिलाच विचारून घेणारी कंपनी. आमच्या हॉस्पिटलला तो ईमेल आला आणि कुणी उत्तरच दिलं नाही, तर मुलीची दोन वर्षं हवेत. उत्तर दिलं तरी आखातातली बरीच मोठी हॉस्पिटलं शंभर खाटांच्या खालचा अनुभव धरत नाहीत. म्हणून इथल्या मुली हैदराबादला जातात, अमीरपेटच्या हॉस्टेलात सहा-सहा जणी एका खोलीत राहतात, कॉर्पोरेट हॉस्पिटलात पंधरा हजारांवर राबतात. हॉस्टेल आणि जेवण जाऊन हातात काय उरत असेल? तो शिक्का मिळवण्यासाठी घरून पैसे मागवावे लागतात.

जर्मनीचं त्या मानानं स्वच्छ आहे. ट्रिपल विन नावाच्या सरकारी कार्यक्रमात आपलं टॉमकॉम आहे, उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. इथे बी-वनपर्यंत भाषा, तिथे जाऊन बी-टू, तोपर्यंत सहायक म्हणून काम, मग मान्यतेची परीक्षा आणि मग पूर्ण नर्सचा पगार. मी तिला दोन गोष्टी बजावल्या. पहिली, बी-वनला आठ-नऊ महिने घट्ट अभ्यास लागतो, नाइट ड्यूटी करत होत नाही. दुसरी, तिथे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन हे सगळं नर्सच करते, आयम्मा नसते. सौदीत आमच्यापैकी काहीजणी याच कारणानं पहिल्या महिन्यात रडल्या. तिनं वही मिटली नाही.

रात्री आठ

रात्रीची सिस्टर आली. कालचीच. सुटी मागितली होती, मिळाली नाही. मी तिला पेशंटपाशी नेलं, बाहुल्या दाखवल्या, शेवटच्या तासाच्या नाडीच्या नोंदी वाचून दाखवल्या. त्यानं डोळे उघडले, बायकोला हाक मारली. ‘शेर आला जी,’ ती म्हणाली आणि यावेळी ट्रेनी मुलीलाही कळलं.

सकाळच्या तिघींपैकी एकीला घेतलं, ती जिचे वडील सोबत होते तिला. मूळ कागद घेऊनच घेतलं.

रात्री साडेनऊ

हुशार मुलीचा फोन. उद्या पहाटेच्या बसनं ती हैदराबादला निघते, तीनशे किलोमीटर. सकाळी कौन्सिलमध्ये व्हेरिफिकेशनचा अर्ज, दुपारी टॉमकॉमच्या ऑफिसात चौकशी. आमच्या ऑफिसात अडकलेलं तिचं जीएनएमचं मूळ प्रमाणपत्र तिला मी आज संध्याकाळी सही करून बाहेर काढून दिलं, परतीची तारीख घालून. व्यवस्थापन विचारेल तेव्हा विचारेल. मी तिला म्हटलं, काम एका दिवसात होणार नाही, दोन दिवसांचे कपडे घे, झेरॉक्सचे चार संच कर, आणि प्रमाणपत्र परत आणून देऊ नकोस.