लोणारचा खार : एका बंदिस्त सरोवराचा उद्योग

मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची ओळख आज उल्कापाताने झालेले विवर आणि त्याभोवतीची प्राचीन मंदिरे अशी असली, तरी कित्येक शतके बाजारात आणि राज्याच्या महसुलात त्याचे नाव निराळ्याच कारणाने घेतले जाई. लोणार हे खाराचे उत्पादनस्थळ होते. येथे खार म्हणजे केवळ मीठ नव्हे, तर सोडियम कार्बोनेट, सोडियम बायकार्बोनेट आणि खाण्याचे मीठ यांचे निसर्गातच तयार झालेले मिश्रण होय. रंगाऱ्यांना, साबण व काच करणाऱ्यांना आणि पापडांच्या पिठात खार घालणाऱ्या घरांनाही अशा पदार्थाची गरज असे. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारखे गाव ज्या व्यवसायाची खूण आजही आपल्या नावात बाळगून आहे, तो कापड रंगवण्याचा व्यवसाय खाराशिवाय चालणे शक्य नव्हते.

समुद्रापासून इतक्या दूर, दख्खनच्या काळ्या पाषाणात खार साठला कसा, याचे उत्तर विवराच्या घडणीत सापडते. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवरात चहूबाजूंच्या उतारांवरून पावसाचे पाणी उतरते, धार व रामगया यांसारखे गोड्या पाण्याचे झरेही त्यात मिळतात. परंतु पाण्याला बाहेर जाण्यासाठी एकही नाला नाही. बेसाल्ट झिजताना त्यातील सोडियम व कॅल्शियम पाण्यात विरघळतात. कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसते, तर सोडियम पाण्यातच राहते आणि वर्षानुवर्षांच्या बाष्पीभवनाने त्याचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे सरोवराचे पाणी नुसते खारट न होता तीव्र क्षारधर्मी झाले असून त्याचा सामू, म्हणजे आम्ल-क्षारतेचे माप, 10 च्या आसपास नोंदवला गेला आहे. वाळवंटातील आणि कोरड्या प्रदेशांतील खारसरोवरे याच नियमाने घडतात; केनियातील मागाडी सरोवर हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. लोणारचे वेगळेपण असे की येथे वाळवंट नाही, दरवर्षी मोसमी पाऊस पडतो, आणि तरीही विवराच्या बंदिस्तपणामुळे वाळवंटी सरोवराचे रसायन टिकून राहिले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकरच्या संदर्भात लोणारची नोंद घेतली आहे. काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ येथे मिळतात आणि त्यावरील करातून सरकारास चांगले उत्पन्न होते, असा तिचा आशय आहे. सरोवराच्या तळाशी लवणासुर नावाच्या असुराचा वध झाल्याची कथा लोकपरंपरेने जपली. मुघल दप्तराला मात्र खारावरील कर महत्त्वाचा वाटला, आणि लोणारच्या इतिहासात या दोन्ही नोंदींना सारखेच स्थान द्यावयास हवे.

उत्पादनाचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचा. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठावर आणि उथळ तळाच्या चिखलात खाराचे थर व खडे धरत. ते गोळा करून वाळवले आणि निवडले जात. येथे खाराचे दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की आणि मदखार असे प्रकार मानले जात. निमक दल्ल्यात मिठाचा अंश अधिक, पापडी पातळ पापुद्र्यांची, तर भुस्की भुकटीसारखी असे. प्रयोगशाळेत पृथक्करण होण्याच्या कितीतरी आधी केवळ पाहून, चाखून आणि वापरून केलेले हे वर्गीकरण आहे. लोणारविषयीच्या लेखनात उल्केला पानेच्या पाने मिळतात आणि या ज्ञानाला जेमतेम एखादे वाक्य मिळते, हा कारागिरांवरचा अन्यायच म्हटला पाहिजे.

या खाराचे महत्त्व रंगकामात विशेष होते. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून सुती कापडाला पक्का तांबडा रंग देताना कापड प्रथम तेल आणि खार यांच्या मिश्रणात वारंवार भिजवून सुकवीत, नंतर त्याला तुरटीचे पाणी देत आणि शेवटी मुळांच्या काढ्यात उकळीत. खारामुळे तेल पाण्यात मिसळून धाग्यात मुरते, तुरटीतील ॲल्युमिनियम त्या धाग्याला धरून राहते आणि रंग त्याच्याशी बांधला जातो. काचेत खाराचे काम वेगळे : तो वाळूचा वितळण्याचा बिंदू खाली आणतो, त्यामुळे लाकडाच्या भट्टीतही बांगड्यांची काच होऊ शकते.

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि 1867 मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाला. मुंबई बंदरात उतरणारा परदेशी सोडा आता वऱ्हाडच्या बाजारापर्यंत सहज पोहोचू शकत होता. युरोपात प्रथम लब्लांक आणि नंतर साल्वे यांच्या पद्धतींनी मिठापासून सोडा कारखान्यात होऊ लागला होता. तो शुद्ध, एकसारखा आणि स्वस्त असे. 1869 मध्ये ॲलिझरीन हा तांबडा रंग कृत्रिम रीतीने तयार झाला, तेव्हा आलीच्या मुळांचा व्यापारही ढासळू लागला. पुढे 1939 मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि देशी सोड्याचे केंद्रही समुद्रकाठी स्थिरावले. लोणारच्या खाराची पीछेहाट सरोवरातला खार आटल्याने झाली नाही. त्याचे गिऱ्हाईक आणि त्याची किंमत दूरच्या कारखान्यांनी हिरावून घेतली.

2000 मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2020 मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत त्याचे कारण खारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. कमी पाणी आणि वाढलेली क्षारता त्यांना मानवली होती. उन्हाळ्यात खार धरण्यासाठी हीच स्थिती अनुकूल असे. झऱ्यांचे किंवा वरच्या वस्तीचे पाणी प्रमाणाबाहेर सरोवरात येऊ लागले, तर क्षारता उतरते आणि या सूक्ष्मजीवांचा अधिवासही धोक्यात येतो. म्हणून लोणारच्या संवर्धनाचा विचार विवराची कडा आणि मंदिरांचे दगड यांच्याबरोबरच पाण्याच्या या जमाखर्चापासून सुरू झाला पाहिजे, आणि त्या अभ्यासात खाराच्या सहा प्रकारांच्या जुन्या नोंदी रसायनशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासून पाहण्याजोग्या आहेत.