ऐकू कमी येतं? मग रेडिओ वाचा!

मंडळी, माझे कान आता साथ देत नाहीत. हौशी रेडिओवरचं बोलणं समजेना, म्हणून सेट विकायलाच काढला होता. तेवढ्यात रेडिओ टेलिटाइपचं कळलं. आपण टाइप केलेली अक्षरं दोन सुरांनी हवेतून जातात आणि समोरच्याच्या पडद्यावर उमटतात. परवाना मात्र हवाच.

सप्टेंबरअखेर सीक्यू वर्ल्ड वाइडची ४८ तासांची स्पर्धा असते. आपल्याकडे शनिवारी पहाटे ३ ला सुरू होते. मी शब्बाथ सुटल्यावरच बसते, तेवढे तास गेले तर गेले. पाठवायचं इतकंच: ५९९ २०. २० हा इस्राएलचा विभाग. युरोपचे ३ गुण, मुंबईचे २च, कारण आपणही आशियात! तरी मुंबईवाला सापडला की मी खूश.

एक अडचण सांगते. अंकांना आणि अक्षरांना संकेत तेच. ‘आता अंक’ हा इशारा खरखरीत हरवला की ५९९ च्या जागी टी-ओ-ओ दिसतं. घाबरू नका. कीबोर्डवर टी च्या वर ५, ओ च्या वर ९. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात माझा जन्म गेला, त्यापुढे हे काय! पण शंका आली तर पुन्हा विचारा. औषधाचा डोस मी कधी अंदाजाने दिला नाही. इथेही चुकीची नोंद तपासणीत कापली जाते.

सोमवारी पहाटे ३ ला संपतं. रात्रपाळीची सवय अजून आहे.